रुळांनाही राखणदार हवा

आमच्या लाटंबार्से गावात रेल्वे नाही. डिचोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, दोडामार्गच्या सीमेला टेकलेला हा गाव. काजूचे डोंगर, सुपारी-नारळाची कुळागरे, पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओहोळ, आणि पलीकडे तिळारीच्या खोऱ्याकडे चढत जाणारे रान. कोकण रेल्वेने येणारा पाहुणा थिवी स्थानकावर उतरतो आणि अस्नोड्यावरून अर्ध्या-पाऊण तासात आमच्याकडे पोचतो. इंजिनाची शिटी ऐकायची तर आमच्या मुलांना तेवढा प्रवास करावा लागतो. असे असता रेल्वे आणि वन्य पशू यांविषयी लिहिण्यास आम्ही का प्रवृत्त झालो, हे प्रथम सांगितले पाहिजे.

सप्टेंबर २०२५ मधील गोष्ट. तिळारीच्या रानात वावरणारा एक तरुण टस्कर, ज्याला लोकांनी ‘ओंकार’ असे नाव दिले आहे, सीमा ओलांडून पेडणे तालुक्यात उतरला. मोपा, तांबोसे या भागात तो भातशेतीत व बागायतीत फिरत राहिला. पेडण्याचे शेतकरी रात्री जागू लागले, वनखात्याची माणसे मशाली आणि दिवे घेऊन धावू लागली, आणि आमच्या शाळेत मात्र आनंदीआनंद झाला. मुलांच्या तोंडी हत्तीवाचून दुसरा विषय नव्हता. सातवीच्या वर्गात आम्ही नकाशा लावून हत्तीचा मार्ग समजावून देत होतो. तिळारी, दोडामार्ग, पेडणे अशी छडी फिरत असता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, “सर, पेडण्यातून तर रेल्वे जाते. हत्ती रुळावर गेला तर?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. वनखात्याचे लोक मागावर आहेत, गाड्यांना सूचना मिळतील, असे. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे आम्हांस दिसले, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. त्या वेळी सुदैवाने तसा प्रसंग ओढवला नाही. हत्ती पुढे सिंधुदुर्गाच्या बाजूस वळला. परंतु त्या प्रश्नाने आमचा पाठलाग सोडला नाही. हा लेख म्हणजे त्या मुलीस द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

हत्ती आला कोठून?

आमच्या बालपणी या मुलखात हत्ती दिसे तो चित्रात किंवा सर्कशीत. इ. स. २००२ च्या सुमारास कर्नाटकातील दांडेली-खानापूरच्या अरण्यातून हत्तींचा एक लहानसा कळप दोडामार्गात उतरला. माड, केळी, फणस आणि बारमाही पाणी यांची एकदा गोडी लागल्यावर हत्ती ती वाट विसरत नाही. तेव्हापासून हे पाहुणे येत-जात राहिले. बागायतदारांचे अपरिमित नुकसान झाले. एप्रिल २०२५ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील मोर्ले येथे एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात प्राण गेला. ज्याचे माड पडले आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला गजाननाचे माहात्म्य सांगण्यात अर्थ नाही. त्याचे दुःख खरे आहे आणि त्याला दाद मिळालीच पाहिजे. पण हत्तीही हौसेने घर सोडून आलेला नाही. रान तुटते, मध्ये धरण येते, खाण येते, रस्ता येतो. जुन्या वाटा बंद झाल्या म्हणजे जनावर नव्या वाटा शोधते, आणि त्या नव्या वाटेवर त्याला कधी ना कधी रूळ आडवे येतात.

गोव्यात हत्ती हा पाहुणा, तर गवा हा घरचा. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात भरतो. सत्तरीपासून मोले-कुळेपर्यंत त्याचे राज्य आहे, आणि अलीकडे तो आमच्या काजूच्या बागांतूनही संध्याकाळी निवांत चरताना दिसतो. हत्तीसाठी जी व्यवस्था करावी लागेल तीच गव्यासाठीही उपयोगी पडेल, म्हणून दोघांचा विचार एकत्र करणे बरे.

इंजिनास सुकाणू नसते

आमचा एक माजी विद्यार्थी आज रेल्वेत इंजिन चालवितो. गोव्यापासून पुष्कळ दूर, दुसऱ्या राज्यातील एका जंगलमार्गावर त्याची नेमणूक आहे. गेल्या चवथीला तो घरी आला तेव्हा आम्हांस भेटावयास आला. बोलता बोलता आम्ही त्यास मुलीचा प्रश्न सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, लोक विचारतात, तू गाडी वळवली का नाहीस? इंजिनाला सुकाणू नसते हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. माझ्या हातात दोनच गोष्टी आहेत, ब्रेक आणि भोंगा. त्या रात्री मी दोन्ही वापरले.”

त्याच्या गाडीखाली एक हत्तीण सापडली होती. पिल्लू वाचले. ते रुळाच्या कडेला आईला सोंडेने ढोसत उभे होते, आणि कळपातील इतर हत्ती पहाटेपर्यंत तेथून हलले नाहीत. “गाडी दोन तास थांबली. प्रवासी उशिराबद्दल चिडले होते,” तो म्हणाला, “आणि मी इंजिनात बसून ते पिल्लू बघत होतो.” त्यानंतर कित्येक रात्री त्याला झोप लागली नव्हती.

आम्ही भाषेचे शिक्षक. तथापि थोडे गणित येथे आवश्यक आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. एवढ्या वेगातील अवजड गाडी पूर्ण ब्रेक दाबूनही थांबेपर्यंत पाऊण ते एक किलोमीटर पुढे गेलेली असते. रात्री इंजिनाच्या दिव्याचा झोत त्याच्या निम्म्या अंतरावरचेही जनावर नीट दाखवू शकत नाही, आणि वळणावर तर दिवा सरळ जातो व रूळ वळतो. काळा गवा, राखाडी हत्ती, काळी रात्र. म्हणजे चालकास जनावर दिसते त्या क्षणी अपघात टाळण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. दोष डोळ्यांचा नाही, हातांचा नाही. दोष वेगाचा आहे.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. वेग निम्मा केला तर थांबण्याचे अंतर निम्मे होत नाही, ते चौथ्या हिश्श्यावर येते. किलोमीटरभर घसरत जाणारी गाडी मग अडीचशे मीटरांत उभी राहू शकते, आणि तेवढे अंतर दिव्याच्या टप्प्यात असते. जंगलपट्ट्यातील रात्रीच्या वेगमर्यादेमागे भूतदया आहेच, पण त्याहून अधिक हा साधा हिशेब आहे.

मग जनावर बाजूस का होत नाही? याचे उत्तर रूळ कसे घातले आहेत त्यात सापडते. डोंगर कापून केलेल्या कटिंगमध्ये दोन्ही अंगांना उभ्या दरडी असतात. आत शिरलेल्या हत्तीस वर चढता येत नाही. तो रुळांवरून पुढे पळत सुटतो आणि गाडी मागून येते. जेथे भराव आहे तेथे उतार इतका तीव्र व खडी इतकी निसरडी की लहान पिल्लू अडखळते. पिल्लू अडखळले की आई थांबते, आणि आई थांबली की कळप थांबतो. एका पिल्लापायी सहा-सात हत्ती एकदम मरतात ते असे. त्यातच आता मार्गांचे विद्युतीकरण झाले आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २०२२ साली विजेवर आला. ही प्रगती स्वागतार्हच. पण डिझेलचे इंजिन दुरूनच गडगडत येई, तेवढी वर्दी विजेचे इंजिन देत नाही.

ब्रागांझाचा घाट

बाहेरगावच्या आमच्या वाचकांपैकी कित्येक कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात येतात. बेळगावकडून येणाऱ्यांस कॅसलरॉक ते कुळे हा घाट परिचित आहे. दूधसागर जवळ आला की सारा डबा खिडक्यांशी गोळा होतो. पोर्तुगीज अमलात, १८८० च्या दशकात बांधलेला हा मार्ग. चढ इतका की ३७ फुटांस एक फूट गाडी वर उचलावी लागते. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास दरी, आणि भोवती भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान. या मार्गावर गवे गाड्यांखाली सापडल्याच्या घटना घडल्या आहेत. कड्याच्या आणि दरीच्या मध्ये सापडलेल्या जनावरास रुळाखेरीज दुसरी वाट नसते.

हाच मार्ग दुपदरी करण्याची योजना पुढे आली तेव्हा गोव्यात मोठा वाद झाला. विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार, गृहिणी असे नाना प्रकारचे लोक त्यात उतरले. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने योजनेस मान्यता दिली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. आम्ही त्या वादात कोणाचा पक्ष घेण्यासाठी हे लिहीत नाही. मालवाहतूक हवी, बंदर चालावयास हवे, हेही आम्हांस कळते. परंतु दुसरा रूळ घालण्यापूर्वी पहिल्या रुळावर काय घडते याचा हिशेब मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे, आणि तो त्या निमित्ताने बजावला गेला, याचे महत्त्व मानले पाहिजे.

इतरत्र काय घडले

आपला प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. १३ नोव्हेंबर २०१३ रोजी उत्तर बंगालमधील चपरामारीच्या रानाजवळ एका वेगवान गाडीने हत्तींच्या कळपास धडक दिली. सात हत्ती प्राणास मुकले. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. गुजरातेत पिपावावकडे जाणाऱ्या मार्गावर गीरचे सिंह मेले. डिसेंबर २०२५ मध्ये आसामातील होजाई जिल्ह्यात राजधानी एक्सप्रेसने कळपास धडक दिली. किमान सात हत्ती मेले, आणि इंजिनासह पाच डबे रुळांवरून घसरले. प्रवासी सुखरूप राहिले हे दैव. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. चार-चार टनांचा देह रुळावर आडवा येतो तेव्हा धोका जनावरापुरता राहत नाही. गाडीत झोपलेल्या हजार माणसांचाही जीव टांगणीला लागतो. ‘माणूस महत्त्वाचा की पशू’ हा वाद येथे निरर्थक आहे, कारण दोघांचे संरक्षण एकाच उपायाने होते.

आता उपायांकडे वळू. उत्तराखंडातील राजाजी अरण्यातून हरिद्वार-डेहराडून मार्ग जातो. १९८७ पासून पंधरा वर्षांत तेथे सुमारे वीस हत्ती मेले. मग वनखाते, रेल्वे आणि एक वन्यजीव संस्था एकत्र आली. रात्री संयुक्त गस्त सुरू झाली. वळणांवरची झुडपे तोडून चालकाची दृष्टी मोकळी केली. कटिंगच्या उभ्या कडा उतरत्या केल्या. रुळांपलीकडे ज्या पाण्यासाठी हत्ती जात, ते पाणी अलीकडे उपलब्ध करून दिले. रुळांवर अन्न टाकणे बंद करण्याचा प्रयत्न झाला. पुढे जवळजवळ दहा वर्षे त्या पट्ट्यात गाडीखाली हत्ती मेला नाही. यांत कोणते मोठे यंत्र होते? कोयता, कुदळ, कंदील आणि दोन खात्यांतील बोलणे, एवढेच.

यंत्रेही आता आली आहेत. तमिळनाडूत कोइमतूरजवळ मदुक्करै येथे फेब्रुवारी २०२४ पासून रुळांलगत बारा मनोरे उभे आहेत. शरीराच्या उष्णतेवरून अंधारातही हत्ती ओळखणारे कॅमेरे त्यांवर असून हत्ती रुळाकडे येताच नियंत्रण कक्षास आणि तेथून चालकास वर्दी जाते. तेथे रुळांखालून जाण्यासाठी भुयारी वाटाही केल्या आहेत. ईशान्य भारतात रुळालगत पुरलेल्या प्रकाशतंतूच्या तारेने हत्तीच्या पावलांचा कंप टिपणारी ‘गजराज’ नावाची यंत्रणा बसविली गेली. त्याच भागात मधमाश्यांचा आवाज ध्वनिवर्धकातून ऐकवून हत्ती दूर ठेवण्याची युक्तीही योजली गेली. एवढा मोठा जीव मधमाशीस भितो, ही मुलांना फार आवडणारी गोष्ट. देशभरच्या पाहणीत असे १२७ धोक्याचे रेल्वेपट्टे नोंदले जाऊन त्यांतील ७७ पट्ट्यांस अग्रक्रम देण्यात आला आहे. मात्र होजाईची आठवण ठेवून एवढे म्हणावे लागते, की यंत्र जेथे बसविले आहे तेथेच राखण करते. शेजारच्या टप्प्यात नव्याने शिरलेल्या हत्तीस ते वाचवू शकत नाही. हत्ती नकाशा वाचून चालत नाही.

पावसासाठी जे केले ते

येथे कोकण रेल्वेचेच एक उदाहरण आमच्या मदतीस येते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोसळलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासांवर माणसे दगावली. त्या शोकांतिकेनंतर दरडींचे उतार कमी करणे, जाळ्या बसविणे, गस्त वाढविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. आज पावसाळा आला की या मार्गाचे वेळापत्रकच बदलते. गाड्यांचा वेग कमी होतो. मुसळधार पावसात दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणला जातो. धोक्याच्या कटिंगजवळ रात्रंदिवस माणसे उभी असतात. भर पावसात कांबळे पांघरून, हातात दिवा घेऊन उभा असलेला तो गस्तवाला कोणी खिडकीतून पाहिला असेल, तर त्यास मनोमन नमस्कार करावा. पेडण्याच्या बोगद्यात जुलै २०२४ मध्ये चिखलपाणी आले तेव्हा तर वाहतूकच थांबवावी लागली. गाड्या उशिरा पोचल्या, प्रवासी कुरकुरले, पण कोणाचा जीव गेला नाही.

म्हणजे वेग कमी करता येतो, गस्त घालता येते, वेळापत्रक बदलता येते. निसर्गापुढे चार पावले मागे घेण्याची रीत या मार्गाने स्वतःच शिकून घेतली आहे. दरडीसाठी जे केले ते हत्तीसाठी व गव्यासाठी करणे अशक्य कसे? संपूर्ण मार्गावर बारमाही वेग कमी करा असे कोणीही म्हणणार नाही. हत्ती पेडण्याच्या वा सावंतवाडीच्या बाजूस उतरल्याची वर्दी येताच मडुरे ते थिवी एवढ्या टप्प्यात रात्रीपुरती वेगमर्यादा घालावी. वनखात्याच्या मागावरच्या माणसाकडे जवळच्या स्थानकमास्तरांचा दूरध्वनी असावा. वळणांवरचे रान दर वर्षी पावसानंतर साफ व्हावे. कटिंगमधून जनावरास बाहेर पडण्यासाठी ठरावीक अंतरावर उतार ठेवावेत. आणि हत्ती कोठे आहे हे ज्या गावकऱ्यांना सर्वांत आधी कळते, त्यांना ते कोणास सांगावे हे माहीत असावे. हत्ती महाराष्ट्रातून गोव्यात येतो तेव्हा तो तपासणी नाक्यावर नोंद करीत नाही. म्हणून दोन राज्यांची वनखाती आणि रेल्वे या तिघांचे बोलणे हत्ती येण्यापूर्वी झालेले असावे.

आपण काय करावे

वाचकहो, ही सारी कामे सरकारची असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. प्रवासात घरून आणलेल्या पोळ्या उरल्या, केळ्यांच्या साली राहिल्या, की आपण त्या सहज खिडकीबाहेर भिरकावतो. ‘कोणी जनावर खाईल’ अशी त्यात पुण्याची भावनाही असते. पण त्या वासाने माकड येते, गुरे येतात, रानडुक्कर येते, कधी हत्तीही येतो. आणि आपले पुण्य मागून येणाऱ्या गाडीखाली त्याचा जीव घेते. उरलेले अन्न डब्यातच ठेवावे. हे मुलांना सांगण्यापूर्वी स्वतः करावे.

दुसरी गोष्ट, उशिराविषयीची. जंगलातून गाडी सावकाश जात असेल तर कुरकुर करू नये. वीस मिनिटे उशीर झाला म्हणून देवीची महाआरती कदाचित चुकेल. देवी रागावणार नाही.

आमच्या गोव्यात प्रत्येक गावास राखणदार असतो. गावच्या सीमेवर त्याचे स्थान असते. त्यास नारळ ठेवतात, रोट देतात. रात्री-अपरात्री तो सीमेवरून फिरतो आणि गावावर येणारे अरिष्ट अडवितो, अशी श्रद्धा आहे. विशेष हा, की राखणदार माणसांपुरता नसतो. गुरे, शेत, पाणी, वाटसरू, सारे त्याच्या राखणीत येतात. या श्रद्धेत आमच्या वाडवडिलांचा मोठा विचार आहे असे आम्हांस वाटते. गावच्या सीमेस जसा, तसा आता रुळांनाही राखणदार हवा. आणि तो आपणांस माणसांतूनच नेमावा लागेल. कंदील घेतलेला गस्तवाला हा राखणदार, वर्दी देणारा शेतकरी हा राखणदार, वेळेवर ब्रेक दाबणारा आमचा विद्यार्थी हा राखणदार, आणि खिडकीबाहेर जाणारा हात आवरणारा प्रवासी हाही.

त्या मुलीचा प्रश्न आम्ही पुन्हा वर्गात घेतला. वर जे लिहिले ते सारे, नकाशा आणि गणित यांसह, मुलांना सांगितले. शेवटी मुलांनीच एक अर्ज लिहिला. त्यात वेगमर्यादा, झुडपे, उतार, दूरध्वनी अशी चार कलमे आहेत, आणि खाली एकेचाळीस सह्या. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही दुरुस्त केल्या. मजकुरास हात लावला नाही. अर्ज रवाना झाला आहे. उत्तराची वाट पाहत आहोत, आणि दर सोमवारी प्रार्थनेनंतर ती मुलगी आम्हांस न चुकता विचारते, “सर, पत्र आले?”